उचललेल्या हौद्याखाली उभा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या डंपरवर अर्धं पान आलं होतं. दोघा भावांनी भंगारात चाललेला डंपर विकत घेऊन पुन्हा चालता केला, त्याची हकिकत. लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा भिंग घेऊन. कारण वरच्या फोटोत हौदा पूर्ण उचललेला आहे आणि धाकटा भाऊ त्याच्या खाली, चेसिसवर कोपर टेकून, हसत उभा आहे. टेकू कुठे दिसतोय का, ते मी शोधत होतो. नाही दिसला. फोटोच्या कडेबाहेर असेल अशी मनाची समजूत घातली असती, पण टेकू जिथे असायला हवा ती जागा फोटोच्या बरोबर मधोमध आहे आणि तिथून मागचं आभाळ दिसतंय.

मी बत्तीस वर्षं अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. निवृत्त झाल्यावर लोखंडाला हात लावायचा नाही असं घरात कबूल केलं होतं. ते दीड वर्ष टिकलं. मग जावयाने एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीच्या कोपऱ्यात एक दहाचाकी डंपर पाहिला आणि म्हणाला, "बाबा, नुसतं बघून येऊ." नुसतं बघून येऊ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. डंपरला किती पैसे पडले ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र छापून आलं तर घरातही वाचलं जाईल.

आधी फोटोचं बोलतो. रिकामा हौदा म्हणजे सुद्धा दोन-तीन टन लोखंड. तो वर असताना त्याला कोण धरून ठेवतं? जॅकमधलं तेल. आणि त्या तेलाला कोण अडवतं? एक रबरी सील, एक झडप आणि एक होज पाइप. यातलं एकही फसलं, किंवा केबिनमध्ये चढून बसलेल्या पोराचा गुडघा लिव्हरला लागला, की हौदा खाली येतो. येताना तो हॉर्न वाजवत नाही. जुन्या डंपरमध्ये हे सगळे जुनेच असतात, उन्हाने तडकलेले, वर्षानुवर्षं कोणी न बघितलेले. म्हणून काम करायचं तर हौदा रिकामा हवा, गाडी सपाट आणि टणक जमिनीवर हवी, टेकू लावायचा आणि मग हौदा सावकाश खाली घेऊन टेकूवर बसवायचा. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत. टेकू नुसता शेजारी उभा करतात, वजन तेलावरच राहतं. असा टेकू ऐन वेळी सरकतो आणि कामाचा नसतो.

आमच्या डंपरचा मूळ टेकू कधीच कुणीतरी काढून नेला होता. पहिले दोन दिवस मी तोच बनवत बसलो. जाड भिंतीचा पाइप, दोन्ही टोकांना हौद्याच्या आडव्या बीमवर आणि चेसिसवर घट्ट बसतील अशा खोबण्या, आणि निसटू नये म्हणून पिन. पिवळा रंग दिला. जावई कुरकुरत होता, अजून इंजिनचं झाकणही उघडलं नाही म्हणून. टेकूवर हौदा बसवला तेव्हा जॅकच्या दांड्याच्या चकाकीवर खड्ड्यांची रांग दिसली. गंजाने पडलेले खड्डे. दांडा वरखाली होताना प्रत्येक खड्डा सील थोडी थोडी कापतो. हौदा अर्धा उचलून, उंचीची खूण करून, लांब उभं राहून तासभर थांबलो होतो, तेव्हा तो चार बोटं खाली आला होता. त्याचं कारण हे.

तेलाच्या गळतीवरून आणखी एक. दाबाखालचा पाइप सुईच्या टोकाएवढा फुटला असेल तर धार डोळ्याला दिसत नाही, आणि हाताने चाचपून बघणाऱ्याच्या कातडीतून ती आत घुसते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं. माणूस पट्टी लावून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून भोपळा. अशा वेळी लगेच दवाखाना गाठायचा आणि हायड्रोलिक तेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, बोट नको.

आता लेखातलं एक वाक्य. "इंजिन धडधडलं आणि अर्धी लढाई जिंकली." वाचायला छान आहे. पण डंपर विकत घेणाऱ्याने हे वाक्य डोक्यात ठेवलं तर तो हमखास फसेल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे: जुन्या डंपरमध्ये इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. इंजिन सुटं काढता येतं, उघडता येतं, त्याचे भाग मिळतात, आणि अगदीच गेलं असेल तर दुसरं बसवता येतं. आमच्यात कमिन्सचं ८५५ आहे. ८५५ हे त्याचं घनइंचातलं माप, म्हणजे १४ लिटर. सहा सिलिंडर आणि तीन हेड, दर दोन सिलिंडरला एक. हे इंजिन जगभर इतक्या ट्रकांत, डोझरांत आणि जनरेटरांत बसलंय की त्याचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) आणि पिस्टन शोधायला फार पायपीट करावी लागली नाही. आणि त्याची दुखणी ओळखीची. लायनर पाण्यात उभे असतात. कूलंटमध्ये योग्य रसायन घातलं नाही तर लायनर थरथरताना बाहेरच्या बाजूने बुडबुडे फुटून फुटून त्याला बारीक भोकं पडतात, सुया टोचल्यासारखी. आमच्या सहापैकी दोन लायनर तसे निघाले. काढले, नवे घातले, झालं. जावयाच्या आनंदाला पारावार नव्हता. मी मात्र त्या महिन्यात इंजिनकडे फारसा फिरकलो नाही, मी चेसिसखाली होतो.

चेसिस म्हणजे डंपरचा पाठीचा कणा, हे सगळेच म्हणतात. पण बघतात किती जण? १९३४ साली युक्लिड कंपनीने ट्रॅक-ट्रक काढला, तो मुळात खाणकामासाठीच घडवलेला डंपर. रस्त्यावरच्या साध्या ट्रकवर हौदा चढवून तो खडकांत घालणं आणि खडकांसाठीच बांधलेली गाडी चालवणं, यातला फरक तेव्हापासून या धंद्याला कळलेला आहे. आमचा डंपर मात्र रस्त्याचाच, जड कामासाठी दुहेरी चेसिस असलेला: बाहेरच्या पट्टीत आतली पट्टी बसवलेली. ही दुहेरी चेसिसच सगळ्यात जास्त फसवते. दोन पट्ट्यांच्या मध्ये पाणी आणि बारीक चुरी शिरते, गंज फुगतो, आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने तो दोन्ही पट्ट्यांना एकमेकींपासून ढकलत राहतो. वरून रंग मारला की काही दिसत नाही. पण पट्टीच्या कडेवरून तळवा फिरवला की दोन रिव्हेटांच्या मधला भाग फुगलेला लागतो. फुगवटा मोठा असला तर मी म्हणेन, घरी जा.

भेगा शोधायला आमच्या उस्तादांनी शिकवलेली युक्ती अजून तितकीच चालते. तारेच्या ब्रशने जागा साफ करायची, रॉकेल लावायचं, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर बाहेर येतं आणि केसाएवढी ओली रेघ उमटते. आम्ही चार ठिकाणी बघितलं: मागच्या स्प्रिंगचे पाटे चेसिसला जिथे टांगलेले असतात त्या हँगरजवळ, केबिनच्या मागे, हौद्याच्या बिजागरीच्या मुळाशी आणि जिथे जिथे आधी कुणी वेल्डिंग केलं होतं तिथे. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची. नव्या भेगा बहुतेक जुन्या दुरुस्तीच्या शेजारीच जन्माला येतात.

डाव्या बाजूच्या हँगरजवळ कुणीतरी पट्टी मारली होती. चौकोनी, टोकं सरळ कापलेली, आणि वेल्ड थेट चेसिसच्या वरच्या कडेवरून आडवा ओढलेला. मी ती पट्टी बघून जरा वेळ तिथेच उकिडवा बसून राहिलो. चेसिसचं मधलं उभं अंग थोडंफार सोसतं. वरची आणि खालची आडवी कड मात्र सगळा ताण घेते, तिच्यावर भोकं पाडू नयेत आणि आडवा वेल्ड मारू नये. चांगल्या चेसिसचं पोलाद उष्णता देऊन मजबूत केलेलं असतं. वेल्डची आच लागली की तेवढी जागा मऊ पडते आणि भेग तिथूनच सुरू होते. सरळ कापलेल्या पट्टीच्या टोकाशी कडकपणा एकदम संपतो, म्हणून चेसिस नेमकी त्या रेषेवर मोडते. पट्टीची टोकं तिरपी, पतंगाच्या शेपटासारखी निमुळती ठेवायची, म्हणजे ताण हळूहळू वाटला जातो. ती जुनी पट्टी ग्राइंडरने काढली तर खाली दोन इंच भेग. भेगेच्या टोकाला भोक पाडलं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग खोबण करून, ओव्हनमध्ये वाळवलेल्या लो-हायड्रोजन वेल्डिंगच्या काड्यांनी भरली, घासून सपाट केली, आणि आतून निमुळती पट्टी बोल्टने आवळली.

इथे माझी एक चूक सांगायला हवी, नाहीतर जावई पत्राला उत्तर पाठवेल. चेसिसवर रंग होता, तो खरवडायचा कंटाळा केला आणि अर्थिंगचा चिमटा मागच्या ब्रेक ड्रमला लावला. चांगलं चकचकीत लोखंड दिसलं ना! वेल्डिंगचा करंट चेसिसमधून पाट्यात, पाट्यातून एक्सलमध्ये आणि तिथून चाकाच्या बेअरिंगमधून ड्रमला गेला. तीन आठवड्यांनी हब उघडला तर रोलरांवर काळ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा. बत्तीस वर्षं शिकाऊ पोरांना हेच ओरडून सांगत आलो होतो की अर्थिंग वेल्डच्या शेजारी लावा आणि आधी बॅटरीची वायर काढा. जावयाने ते बेअरिंग फेकू दिलं नाही. खिडकीत ठेवलंय, शोभेला.

चाकांबद्दल तुमच्या लेखात एकच ओळ होती, नव्या टायरांची. जुन्या अवजड गाड्यांच्या डिस्का एकसंध नसतात. डिस्क, कडेची रिंग आणि तिला अडकवून ठेवणारी लॉक रिंग असे सुटे भाग असतात आणि हवेचा दाबच त्यांना एकत्र धरतो. वीस इंची डिस्कच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस इंच. टायरमध्ये १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला १०० पौंड दाबाची हवा भरली की त्या बाजूला चौदा टनांचा जोर येतो. लॉक रिंग गंजून बारीक झाली असेल, खोबणीत माती असेल किंवा एका बनावटीची रिंग दुसऱ्या डिस्कवर बसवली असेल, तर हा चौदा टनांचा जोर मोकळा सुटतो. मी नोकरीला लागून तीन-चार वर्षंच झाली होती. हवा भरणारा पोरगा प्रेशर गेज आणायला दहा पावलं गेला, आणि आवाज झाला. रिंग पत्र्याच्या छपरातून आरपार. वर आभाळाचा एक लांबट तुकडा दिसत होता. तो पोरगा खाली बसला तो बराच वेळ उठलाच नाही. त्याला काही लागलं नव्हतं.

अमेरिकेत या डिस्कांसाठी १९८० साली स्वतंत्र सुरक्षा नियम आला, त्यातल्या तीन गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्यात आणि त्या कुठेही लागू पडतात. टायर काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, आणि जोडचाक असेल तर दोन्ही टायरांची, नट सैल करण्याआधीच. हवा ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून खाली गेलेला टायर तसाच फुगवायचा नाही, उतरवून भाग तपासायचे. आणि हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, चिमट्याने अडकणाऱ्या तोंडाने, स्वतः बाजूला उभं राहून. आमच्या दहापैकी तीन लॉक रिंगा भंगारात गेल्या. टायर तर सगळेच गेले. नक्षी भरपूर होती, पण कडेला छापलेला तारखेचा आकडा तीन अंकी होता. २००० सालापासून तो चार अंकी येतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. तीन अंकी म्हणजे मागच्या शतकातलं रबर. विकणारा म्हणत होता, टायर तर नवे आहेत, नक्षी बघा.

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये दुहेरी डबा असेल तर त्यातल्या एकात दाबून बसवलेली जबर ताकदीची स्प्रिंग असते. त्या डब्याचा क्लॅम्प उघडायचा नाही, कधीच नाही. स्प्रिंग बाहेर पडली तर समोरच्याला वाचवत नाही. बोल्ट घालून ती आत अडकवायची आणि अख्खा डबा बदलायचा. जुन्या ब्रेक-लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आम्ही तरुणपणी ती रोज उडवायचो, तोंडाला रुमालसुद्धा नसायचा. माझ्या बरोबरीचे सगळेच आज खोकतात असं नाही, पण मी हे लिहिताना दोघांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

बाकी कामं रेंगाळत रेंगाळत झाली. वायरिंग सगळं उपटून नवं घातलं. जुन्या वायरला गाठी मारत बसण्यात अर्थ नव्हता. हौद्याच्या बिजागरीच्या पिना गोल राहिल्या नव्हत्या, अंड्यासारख्या झाल्या होत्या. लेथवर नव्या फिरवून घेतल्या, ग्रीस जायला नाळ पाडून. आधीच्या पिनांना नाळ होती, पण ग्रीस भरायची निप्पल रंगाखाली बुजलेली, म्हणजे रंग देणाऱ्यानेच त्यांना मारलं. गंजून बसलेल्या नटांशी मात्र बराच झगडा झाला. तेल ओतून, रात्रभर भिजवून जे हलले नाहीत त्यांना गॅसने तापवायचं आणि लाल गेल्यावर, अजून गरम असताना, मेणबत्तीची कांडी आट्यांवर टेकवायची. मेण वितळून आत शिरतं आणि नट कुरकुरत सुटतो. हे काम जावयाला इतकं आवडलं की जे नट सहज सुटत होते त्यांनाही तो मेणबत्ती दाखवायला लागला.

रंग सगळ्यात शेवटी. जुना रंग शिशाचा असू शकतो म्हणून कोरडा घासला नाही, ओला घासला. कोणता रंग द्यायचा यावरून आमचं भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही, त्यामुळे केबिन सध्या नुसत्या प्रायमरवर आहे. जावयाला टेरेक्स कंपनीचा तो टायटन नावाचा अजस्र खाणडंपर आवडतो, एकच बनलेला, ३५० शॉर्ट टन माल वाहणारा, कॅनडातल्या स्पारवूड गावात शोभेला उभा केलेला. तसाच हिरवा हवा म्हणतो. तो आता जागचा हलत नाही, एवढंच मी त्याला म्हटलं. बोलणं तिथेच थांबलं.

आता मुद्द्याचं. त्या दोघा भावांचा पत्ता तुमच्याकडे असेलच. त्यांना एवढंच कळवा की काम छान झालंय, चेसिसची डावी बाजू फोटोत सुरेख दिसतेय, पण टेकू बनवून घ्या, आणि तो बनेपर्यंत हौदा उचललेला असताना धाकट्याला खाली उभं करू नका. मापं हवी असतील तर मी चिठ्ठीवर काढून देतो, फक्त त्यांच्या हौद्याच्या बीमपासून चेसिसपर्यंतचं अंतर त्यांनी हौदा थोडा वर घेऊन, बाहेर उभं राहून मोजावं. हौदा किती अंशांवर रोखायचा ते त्यावर ठरेल.

सोबत आमच्या डंपरचा फोटो पाठवत आहे. छापणार असाल तर जागेसाठी तो कापावा लागेल, हे मला माहीत आहे. उजवीकडे मी उभा आहे, तिकडून खुशाल कापा. मधला पिवळा पाइप तेवढा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त वेल्डर